पोपटरावांच्या देखरेखीखालचं पुढचं डावं चाक

जुन्नरला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या चिपळूणची माणसं लगेच विचारतात, "मग शिवनेरी पाहिलीत?" नाही पाहिली. लेण्याद्रीच्या पायऱ्याही चढले नाही. तीन दिवसांत मी जे पाहिलं ते एका पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून पाहिलं. त्यातलंही उजवीकडचं सगळं पोपटरावांच्या टोपीआड गेलं. तरी परत आल्यापासून भेटेल त्याला मी या प्रवासाचं सांगत सुटले आहे. घरच्यांनी आता कान बंद करून घेतलेत, म्हणून लिहायला बसले.

पिंपळवंडी

सुनीता माझी कॉलेजच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्न होऊन ती जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीला आली आणि मी चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवू लागले. फोनवर आमचं बोलणं असायचं, पण मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. यंदा सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि दिवाळीला अजून अवकाश होता, तेव्हा तिचा फोन आला. "वसू, मी पिकअप चालवते आता. ये, तुला फिरवते." शेहेचाळिसाव्या वर्षी ही बाई लायसन काढून कांद्याच्या गोण्या मंचरला नेऊ लागली होती. मी दुसऱ्याच दिवशी एसटीचं तिकीट काढलं.

पोचले त्या संध्याकाळी जेवायला मासवडी असल्याचं कळलं आणि माझ्या कोकणी जिवाला उभारी आली. दिवसभराच्या प्रवासानंतर मासे! ताट आलं, वडीही दिसायला तुकडीसारखी. मोडून पाहिली तर आत तीळ, खोबरं, लसूण, बाहेर बेसन. मासा औषधालाही नाही. माझा चेहरा पाहून सुनीताच्या सासूबाई म्हणाल्या, "काय गं बाई, तिखट लागलं का?" मी आपली "नाही, नाही, छान आहे," म्हणत राहिले. दुसऱ्या वडीपासून ते खरंही झालं. झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी आणि ती बिनमाशाची वडी. चार खाल्ल्या.

जेवताना सगळा मामला कळला. सुनीताचा नवरा चाकणच्या कारखान्यात नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येतो. घरचा कारभार थोरल्या दिरांच्या हातात, म्हणजे पोपटरावांच्या. साठी ओलांडलेले, उंच, पांढरी टोपी, मिशा बेताच्या, मतं मात्र बेताची नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही. जन्मभर बैल हाकले आणि चार वर्षांपूर्वी शेवटची जोडी विकल्यावर ही पिकअप घेतली. आता गेल्या पंधरवड्यापासून गाडीच्या पुढच्या बाजूनं घरघर आवाज येत होता. पोपटरावांचं निदान तयार होतं. सुनीता गाडी खड्ड्यात आपटते आणि ब्रेक करकचून दाबते, त्यानं पुढचं सगळं ढिलं झालं.

उपायही तयार होता. पोपटरावांचा मेहुणा दत्तू ड्रायव्हर होता आणि सध्या मोकळा होता. "या खेपेला मी संगती येतो," पोपटराव मला समजावून सांगत होते. "सोता बघतो. तिच्या हातानं बिघडत असंल तर सोमवारपासून दत्तू चालवंल. बाईमानसानं कशाला येवढी दगदग करायची, सांगा बरं तुमी?"

सुनीता भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं नाही. फक्त ती भाकरी जरा जास्तच जोरात तव्यावर पडली. नंतर अंगणात हात धुताना मला म्हणाली, "वसू, ती गाडी हातात आल्यापासून मी कुणाला विचारून घराबाहेर पडत नाही. एवढंच आहे बघ माझं. गेलं तर परत मिळायचं नाही." आमच्या मैत्रीत ती असं कधी बोलली नव्हती. मी तिचा ओला हात धरून उभी राहिले.

मंचर

सकाळी बराखीतला कांदा गाडीत चढला. बराख म्हणजे वारा खेळेल अशी कांदा साठवायची लांबट झोपडी. आमच्याकडे काजूसुद्धा एवढ्या लाडानं ठेवत नाहीत. पुढे आम्ही तिघं बसलो. सुनीता स्टिअरिंगवर, मी डाव्या खिडकीशी आणि मध्ये गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पोपटराव. दर वेळी गिअर बदलताना सुनीताला "भाऊजी, पाय," म्हणावं लागायचं आणि ते मुंजीतल्या बटूसारखे गुडघे आवरून घ्यायचे.

हायवेला लागलो आणि आवाज सुरू झाला. लांब कुठेतरी जातं फिरावं तसा. वेग वाढला की चढायचा, कमी झाला की उतरायचा. एका उतारावर सुनीतानं क्लच दाबून गाडी नुसती सोडून दिली. आवाज तसाच. "बघा भाऊजी, इंजिनाचा नाही हा. चाकाचा आहे."

"तेच म्हनतो मी. आन् चाक कुनाच्या हातात व्हतं?" पोपटराव म्हणाले.

नारायणगावात चहाला थांबलो. कोकणात अनोळखी माणसाला काही विचारलं तर तो आधी तुम्ही कुठले, कुणाचे, कशाला आलात याचा अंदाज घेतो आणि मग बेताचं उत्तर देतो. इकडे उलटं. विचारायच्या आत उत्तर. चहावाल्यानं कपात चहा ओतता ओतता सांगितलं, "शॉकअप गेल्यात, राव." बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "नाय नाय, बॉल जॉइंट. उजव्या अंगाचा." तिसऱ्यानं टायरला लाथ मारून पाहिली आणि हवा कमी आहे म्हणाला. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की बिघाड उजव्या बाजूला आहे, आणि ड्रायव्हर उजवीकडेच बसते हे पोपटरावांनी लगेच जोडून दिलं.

मंचरच्या बाजारात गोण्या उतरेपर्यंत आणखी पाचसहा निदानं झाली. पोपटराव प्रत्येकाला विचारायचे, "पन ह्ये चालवन्यानंच व्हतं ना?" आणि माणूस भिडेखातर मान डोलवायचा. एकानं मात्र सुनीताकडे पाहून विचारलं, "ताई, सोता चालवता व्हय? लई भारी." पोपटरावांनी त्याला पुढे काही विचारलं नाही.

मी विज्ञानाची शिक्षिका असल्याचं कळल्यावर माझंही मत मागण्यात आलं. बॉल बेअरिंगमुळे घर्षण कमी होते, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. खरं बेअरिंग मी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते कबूल करायचं सोडून मी गंभीरपणे म्हटलं, "उजवंच असावं." आजही लाज वाटते.

मंचरहून आम्ही घोडेगावला आलो. तिथे सुनीताच्या मावशीकडे मुक्काम झाला. रात्री मला पायाला मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. ते प्रवासाच्या शिणानं असेल अशी मी समजूत घातली.

डिंभ्याच्या वाटेवर

रविवारी सकाळी सुनीता मला डिंभ्याचं धरण दाखवायला निघाली. मावशींच्या भाच्याकडे चार गोण्या पोचवायच्या होत्या, म्हणजे पोपटरावांच्या दृष्टीनं ती खेप कामाची होती. घोडेगाव सोडलं आणि रस्ता डोंगराच्या कुशीत शिरू लागला. डावीकडे भाताची खाचरं पिवळी पडायला आलेली, बांधावर सोनकी फुललेली, समोर सह्याद्रीच्या निळसर रांगा. त्या रांगांच्या पलीकडच्या उतारावर आमचं कोकण आहे हे लक्षात आलं आणि उगाचच माहेरच्या भिंतीला मागून टेकल्यासारखं वाटलं.

चढावर आवाज बदलला. घरघरीत आता मधूनच कडकड मिसळू लागली आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढ घेऊ लागली. सुनीतानं गाडी बाजूला घेतली. पोपटराव उतरले आणि पुढच्या डाव्या चाकाच्या मधोमध, हबच्या टोपणावर, त्यांनी हात ठेवला. आजारी बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा, मायेनं. पुढच्या क्षणी ते बोटं तोंडात घालून रस्त्यावर गोल फिरत होते.

"तापलंय! आगीवानी तापलंय!"

मग आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी मागचा पाण्याचा कॅन उचलला. "भाऊजी, नका!" सुनीता ओरडली, तोवर कॅन हबवर उपडा झाला होता. चर्रर्र झालं आणि वाफ उठली.

"तापलं की पानी घालायचं," पोपटराव म्हणाले. "बैल असू द्या न्हाईतर मानूस असू द्या."

धरण तिथून दिसत होतं. झाडांच्या फटीतून चांदीची एक रेघ. माझं डिंभे एवढंच. सुनीतानं गाडी वळवली आणि आम्ही पायी चालल्याच्या वेगानं घोडेगावकडे परत निघालो. मागून येणारी प्रत्येक मोटारसायकल आम्हाला ओलांडून जायची आणि वळून पाहायची. मग मेंढ्यांचा एक कळप आला आणि त्यानंही आम्हाला ओलांडायला घेतलं. खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर बराच वेळ माझ्या खिडकीजवळून चालत होता. त्याची नजर खाली होती.

"ह्यो डावा पाय लंगडतोय की तुमचा," तो म्हणाला.

"उजवा हाये," पोपटराव म्हणाले. नुकतीच डाव्या चाकानं बोटं भाजली होती तरी.

"आवं, मी रोज चारशे पाय बघत चालतो. डावा हाये." एवढं बोलून तो मेंढ्यांमागे पुढे निघून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डावं चाक माझ्याच पायाखाली होतं. दोन दिवस माझे तळवे झिणझिणत होते, रात्रीसुद्धा त्या मुंग्या गेल्या नव्हत्या. मी मात्र पिकअप अशीच असते असं धरून चालले होते आणि मंचरच्या बाजारात उजवं म्हणून मोकळी झाले होते. सुनीताला हे सांगितलं तर ती हसत सुटली. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदा मोकळी हसली.

घोडेगाव

गावाच्या तोंडाशीच एका मिस्त्रींचं गॅरेज रविवार असूनही उघडं होतं. मिस्त्री बुटके, शांत, कानावर पेन्सिल. पोपटरावांनी खाली उतरल्याबरोबर सगळी हकिगत सांगितली. खड्डे, ब्रेक, बाईमाणूस, नारायणगावची मतं, मंचरची मतं. मिस्त्रींनी सगळं ऐकलं आणि जॅक लावला.

चाक वर उचललं गेलं तसं त्यांनी ते वर आणि खाली धरून हलवलं. खटखट वाजलं. मग फिरवलं आणि पोपटरावांना म्हणाले, "भाऊ, हित हात ठेवा. स्प्रिंगवर." पोपटरावांनी भाजलेला हात सोडून दुसरा ठेवला. "काय लागतंय?"

"दळतंय," पोपटराव म्हणाले. "आत कायतरी दळतंय."

चाक उतरलं, ड्रम उतरला, टोपण निघालं. मिस्त्रींनी आतलं ग्रीस दोन बोटांवर घेऊन आमच्यासमोर धरलं. ग्रीस मधासारखं असतं म्हणे. हे ताकासारखं पांढरट होतं. मग त्यांनी बेअरिंग बाहेर काढलं, केरोसिनमध्ये धुतलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं बेअरिंग. रिंगणात छोटे छोटे रोलर बसवलेले. ते गुळगुळीत असायला हवेत हे मला पुस्तकावरून माहीत होतं. यांच्यावर लाल गंजाचे ठिपके होते आणि कुठेकुठे पापुद्रे निघाले होते.

"खड्ड्यानं गेलं असतं तर हित रांगेनं ठोके दिसले असते," मिस्त्री म्हणाले. "शॉकअप बरे हायेत, बॉल जॉइंट बरे हायेत. गाडी आपटलेली न्हाई. चालवनाऱ्यानं जपूनच चालवलीय." मग त्यांनी ओल्या हबकडे पाहिलं. "ह्ये पानी कुनी वतलं?"

पोपटरावांनी बोटं मागे लपवली. "आत्ता वतलं व्हतं. तापलं म्हनून."

"आत्ताच्या पान्यानं येवढा गंज येत न्हाई. ह्याच्या आधी गाडी पान्यात कवा उभी केली व्हती?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती पान्यांच्या पेटीकडे पाहत होती. तिला ठाऊक होतं. ते तिनं मला नंतर सांगितलं, पण तिथं ती एक शब्द बोलली नाही. मला संताप आला होता. चार वाक्यांत ती स्वतःची सुटका करू शकली असती. पण थोरल्या दिराला चारचौघांत खाली पाहायला लावायचं तिच्या मनात येईना, आणि मिस्त्री हातातलं फडकं पिळत उत्तराची वाट पाहत होते.

"पोळ्याला," पोपटराव शेवटी म्हणाले.

इकडे पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. त्या दिवशी बैलांना नदीवर नेऊन न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळीचा घास देतात. पोपटरावांचे बैल गेले होते. जागा रिकामी राहू नये म्हणून ते पोळ्याला गाडीच कुकडीवर नेऊ लागले होते. यंदाही सुनीता मंचरहून भरली खेप करून आली होती, चाकं गरम होती. तिनं सांगितलं होतं म्हणे, की जरा थंड होऊ द्या. पोपटरावांनी ऐकलं नाही. तिच्याकडूनच गाडी नदीत घालून घेतली, आसापर्यंत पाण्यात तासभर उभी केली, काथ्यानं घासली, टपावर हळद-कुंकू लावलं आणि बॉनेटला झूल घातली.

"गार वाटावं तिला," ते मिस्त्रींना सांगत होते. "बैल कसा, पान्यात उभा ऱ्हायला की डोळं मिटून घेतो."

मिस्त्री हसले नाहीत. "गरम हब पान्यात गेलं की सीलमधनं पानी आत वढून घेतंय, भाऊ. तुमी एकलेच न्हाई. पोळा झाला की पंधरा दिवसांनी माझा सीझन चालू व्हतो. मागल्या आठवड्यात तिघं आलं व्हतं. सगळ्यांनी आधी डायवरलाच शिव्या घातल्या." मग त्यांनी उजवं चाकही खोललं. तिथंही ताकच निघालं. दोन्हीकडची बेअरिंग आणि सील नवी बसवायची ठरली.

काम होईपर्यंत आम्ही मावशींकडून आलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा गॅरेजच्या पायरीवर बसून खाल्ला. पोपटरावांनी एकच भाकरी खाल्ली. त्यांना चिडवायचे दहा तरी मुद्दे माझ्याकडे तयार होते आणि मी त्यातला एकही काढला नाही. झूल घातलेली पिकअप डोळ्यांपुढे यायची, हसू फुटायचं, आणि लगेच मावळायचं. माणसानं बैल विकले होते, पण पोळा त्याला विकता आला नव्हता.

परत अंगणात

परतीच्या रस्त्याला गाडी इतकी गुपचूप चालली की पोपटरावांच्या श्वासाचाही आवाज यायचा. घरी ते काय सांगणार, हा एकच प्रश्न माझ्या मनात होता. मिस्त्री त्यांच्या गावचे नव्हते आणि सुनीता बोलणार नव्हती. राहिले मी. पाहुण्या बाईचं कोण ऐकतो? पाण्याचं नाव गाळून नुसतं बेअरिंग गेलं म्हटलं असतं तर सोमवारी गाडीवर दत्तूच बसला असता.

दिवस मावळायच्या आत पिंपळवंडीला पोचलो. अंगणात सासूबाई, शेजारचे दोघं आणि खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घातलेला दत्तू. गोरा, हसरा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मुलगी पाहायला आल्यासारखा बसला होता बिचारा. त्याचं तरी काय चुकलं होतं?

सुनीता इंजिन बंद करून तशीच आत बसून राहिली. तिचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"काय निघालं रं?" सासूबाईंनी विचारलं.

पोपटराव खाली उतरले. टोपी काढली, झटकली, परत घातली. "बेरिंग गेलं व्हतं, दोन्हीकडचं. पानी शिरलं व्हतं." त्यांनी शेजारच्यांकडे पाहिलं, दत्तूकडे पाहिलं. "पोळ्याला तापल्याली गाडी म्या नदीत उभी केली. ही नगं म्हनत व्हती, म्या ऐकलं न्हाई. मिस्त्री म्हनला, गाडी जपून चालवल्याली हाये."

एका शेजाऱ्यानं खाकरून दुसरीकडे पाहिलं. त्याच्याही दारात पिकअप उभी होती, हे मी आदल्या दिवशी निघतानाच पाहिलं होतं.

दत्तू खुर्चीतून अर्धा उठला. "मंग दाजी, मी सोमवारपास्नं यायचं ना?"

"ये की," पोपटराव म्हणाले. "गोन्या चढवायला मानूस लागतंच. कवा यायचं ते तिला इचार."

दत्तू पिकअपकडे वळला. सुनीतानं काच खाली केली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र अगदी कोरडा होता.

"सहाला निघायचं, दत्तूभाऊ. उशीर करू नका. मी थांबत नसते."